चिमणी टॉवरनं नेली, मग धोबी कोणी नेला?

वीस मार्च, म्हणजे जागतिक चिमणी दिवस उजाडला की तो मेसेज येतोच. यंदाही सकाळी सातच्या आत आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी तो ग्रुपवर टाकला, वर हात जोडलेली तीन चिन्हं. मजकूर थोडक्यात असा: मोबाइल टॉवरच्या लहरींमुळे चिमणी भारतातून संपली. टॉवरजवळ कुठलाही पक्षी फिरकत नाही, त्यांना लहरी कळतात. आता बाकीचे पक्षीही गायब होऊ लागलेत, 'गेल्या महिन्यापर्यंत गच्चीवर दिसणारे धोबीसुद्धा नाहीसे झाले'. म्हणून खिडकीत मूठभर तांदूळ टाका, घरटं टांगा आणि हा मेसेज दहा जणांना पाठवा.

काका सकाळी फिरताना कुत्र्यांना बिस्किटं घालणारे, मनानं भला माणूस. तरी दहा जणांना पाठवण्याऐवजी मी हे लिहायला बसले.

सोप्यापासून सुरुवात करते, म्हणजे धोब्यापासून. तो नाहीसा झालेला नाही, घरी गेलाय. आमच्या गच्चीवर येतो तो करडा धोबी: पाठ राखाडी, शेपटीखाली हळदीसारखा पिवळा, आणि शेपटी एक क्षण स्थिर नाही, सतत वर-खाली. पाण्याची टाकी भरून वाहू लागली की त्या ओल्या पट्ट्यात किडे टिपत तुरुतुरु पळतो. हा आपल्याकडे हिवाळ्यापुरता पाहुणा. वीण हिमालयातल्या ओढ्यांवर आणि त्याच्याही पलीकडे. सप्टेंबरात येतो, मार्च-एप्रिलात निघतो. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेत दुधाच्या हिशेबाशेजारी मी 'धो' लिहून ठेवते. यंदाचा शेवटचा 'धो' १४ मार्चच्या चौकोनात आहे. मागच्या वर्षीचा १९ मार्चच्या. दरवर्षी नेमका चिमणी दिवसाच्या आसपास निघणारा पक्षी टॉवरनं मारला म्हणायचा, तर टॉवर सप्टेंबरात त्याला परत जिवंत कसा करतो?

हिवाळ्यात कुंपणाच्या भिंतीवर बसून शेपूट थरथरवणारा थिरथिरा याच सुमारास जातो. भोरड्यांचे थवे पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर धुमाकूळ घालून एप्रिलअखेर मध्य आशियाकडे निघतात. आणि काही पक्षी कुठेही न जाता 'गायब' होतात. कोकीळ हिवाळाभर इथेच असतो, फक्त ओरडत नाही. (गातो तो काळा नर. ठिपकेदार मादी नुसती किक्-किक् करते. आपल्या कवितांनी मात्र सगळं श्रेय कोकिळेला देऊन टाकलंय.) जास्वंदीवरचा काळानिळा चकचकीत शिंजीर विणीनंतर कपडे बदलतो. अंगावर मळकट पिवळट रंग येतो, गळ्यापासून पोटापर्यंत एकच काळी पट्टी राहते. दोन वर्षं मी त्याला वेगळाच पक्षी समजत होते, तेव्हा काकांना हसण्याचा अधिकार मला नाही.

आता 'टॉवरजवळ पक्षी फिरकत नाही'. आमच्या समोरच्या इमारतीच्या गच्चीवर टॉवर आहे. गेल्या मे महिन्यात त्याच्या दोन लोखंडी पट्ट्यांच्या बेचक्यात कावळ्यांनी घरटं केलं, काड्या कमी आणि बांधकामावरच्या तारांचे तुकडेच जास्त. जूनच्या शेवटी त्यातून दोन पिल्लं बाहेर आली. त्यातलं एक कावळ्याचं नव्हतंच. कोकिळेनं फसवून ठेवलेल्या अंड्यातलं ते पिल्लू टॉवरच्या आडव्या खांबावर बसून लाल चोच वासून ओरडायचं आणि कावळीण बिचारी त्याला भरवत बसायची. आमच्या भागातला दयाळ तर मार्चपासून पहाटे डिश अँटेनावर बसूनच गातो. बसायला उंच जागा हवी, एवढाच त्याचा हिशेब.

मुख्य आरोप मात्र इतक्या हलक्यानं घेऊन चालणार नाही, कारण त्यामागे थोडा धूर आहे. युरोपात २००७ च्या सुमारास बेल्जियममध्ये आणि स्पेनमधल्या वायादोलिदमध्ये झालेल्या पाहण्यांत जिथे लहरींची तीव्रता जास्त तिथे चिमण्या कमी आढळल्या. पण शहरात जिथे टॉवर दाट तिथे इमारती, काच, डांबर आणि गाड्याही दाट. चिमणी यातल्या कशामुळे घटली, हे अशा पाहणीतून सुटं करता येत नाही. दुसरीकडे जर्मनीत ओल्डेनबुर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की शहरातल्या विद्युतचुंबकीय गोंगाटानं रॉबिन पक्ष्याचं दिशाभान बिघडतं. ज्या लाकडी खोल्यांत पक्षी ठेवले होते त्यांना ॲल्युमिनियमचे पत्रे लावून अर्थिंग दिलं, तेव्हा पक्ष्यांना दिशा पुन्हा सापडली. प्रयोग भारी आहे, पण तो गोंगाट मोबाइलच्या लहरींपेक्षा कितीतरी खालच्या पट्ट्यातला होता, साधारण एएम रेडिओच्या. आणि दिशा चुकणं म्हणजे मरणं नव्हे. त्यातून चिमणी कुठे स्थलांतर करते?

तारखाही जुळत नाहीत. ब्रिटनमध्ये चिमण्यांची घसरण १९७० च्या दशकात सुरू झाली, तिथे मोबाइल सेवा आली १९८५ मध्ये. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला.

आणि मुळात 'भारतातून संपली' हेच खोटं. २०२० साली देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा मोठा अहवाल आला, साडेपंधरा हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या एक कोटीवर नोंदी चाळून केलेला. त्यात चिमणीची देशभरातली संख्या आधीच्या पंचवीसेक वर्षांत, म्हणजे भारतात मोबाइल आल्यापासूनच्या काळात, साधारण स्थिर निघाली. घट दिसली ती मोठ्या महानगरांत, मुंबई त्यात आहे. टॉवरशी संबंध असल्याचा पुरावा सापडला नाही, हेही त्यात लिहिलंय. म्हणजे शहरातल्या माणसाला चिमणी दिसत नाही हे खरं आहे. 'माझ्या खिडकीत नाही' याचं 'भारतात नाही' कसं झालं, एवढाच प्रश्न. एसटीनं तालुक्याच्या गावी उतरा, स्टँडसमोरच्या किराणा दुकानाच्या फळीवर मोजा.

मग शहरातून कुठे गेली? आजीच्या वाड्यात पणजोबांच्या तसबिरीमागे दरवर्षी घरटं व्हायचं. खाली केरात गवताच्या काड्या पडायच्या, आजी करवादायची आणि तसबीर मात्र हलवू द्यायची नाही. माजघरात सूप घेऊन ती तांदूळ पाखडायची तेव्हा अंगणात चिमण्यांची रांग. आणि एक गोष्ट मी तेव्हा पाहिली होती पण समजली फार उशिरा: तसबिरीमागच्या पिल्लांना चिमणी त्या सुपातले दाणे भरवत नसे. तिच्या चोचीत असायची हिरवी, वळवळणारी अळी. धान्यावर जगणारा पक्षी पिल्लं मात्र किड्यांवर वाढवतो. आता फोटो भिंतीला घट्ट चिकटवलेले, छताला वासे नाहीत, तांदूळ निवडून पिशवीत येतो, आणि सोसायटीच्या बागेत हिरवळ आणि शोभेची विदेशी झाडं. त्यांच्यावर अळ्या धरत नाहीत, आणि धरल्याच तर दर पंधरा दिवसांनी औषध फवारलं जातं. त्या फवारणीला मागच्या वार्षिक सभेत हात वर करून मंजुरी दिली ती आपणच, काकांसकट. आणि माझ्यासकट.

राहिला उपाय. मूठभर तांदूळ खिडकीत टाकून कबुतरं येतात. चिमणी येण्याआधी कबुतरांनी ताटली रिकामी केलेली असते, वर एसीच्या खाचेत संसार थाटलेला असतो. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांनी पाहिलंय, इथे पुन्हा भांडण नको. पाणी ठेवायला काहीच हरकत नाही, पण उथळ मातीच्या परातीत ठेवा, आत एक दगड ठेवा, रोज ओतून नवं भरा, नाहीतर पक्ष्यांआधी डास येतील. घरटंही टांगा, फक्त भोक साधारण सव्वा इंचाचं बघा, त्यातून साळुंकी शिरत नाही. आणि उन्हात टांगू नका. बाजारात मिळणारी निम्मी घरटी दिवाळीच्या कंदिलासारखी दिसायला छान आणि आत भट्टी.

त्यापेक्षा फवारणीचा ठराव पुढच्या सभेत रद्द करून घेता आला तर जास्त बरं. मी विषय दिला आहे. सचिव म्हणाले, 'बघू.'

काकांना मी हे सगळं जिन्यातच सांगितलं. टॉवरचं त्यांना अजून पटलेलं नाही. धोब्याबद्दल मात्र त्यांनी दोनदा विचारलं, नक्की येतो का परत म्हणून. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी टाकी भरायच्या वेळेला गच्चीवर यायचं त्यांनी कबूल केलंय. टाकीचा व्हॉल्व्ह गळतो, तो तोवर दुरुस्त करू नका, एवढं प्लंबरला सांगून ठेवलंय.