'तर' ला 'जर' लागतोच असं कोण म्हणालं?

व्हॉट्सअॅपवर परत ती 'शुद्ध मराठी बोला' वाली पोस्ट फिरतेय. चार नियम आहेत त्यात: 'की' हिंदीतून आलाय तो काढून टाका आणि 'असे' लिहा, 'जर' शिवाय 'तर' चूक, 'आलास तर' मध्ये भूतकाळ आहे म्हणून 'येशील तर' म्हणा, आणि 'करावे' हा हुकूम आहे सो उद्धट वाटतं. चारही गंडलेत.

'की' चं आधी. 'कीं' ज्ञानेश्वरीतही सापडतो, पण तिथे बऱ्याचदा 'किंवा' च्या अर्थाने, आपल्या "चहा की कॉफी" वाला. "तो म्हणाला की येतो" यातला 'की' फारसीच्या संगतीतला मानतात, आणि हिंदीतलाही तिथलाच, मग हिंदीवर बिल का फाडायचं? बरं 'की' नको असेल तर नुसता 'असे' च कशाला, "येतो म्हणाला", "येतो म्हणून सांगितलं" हेही आहेच की. हा 'म्हणून' कारणाचा नाही बरं का, कोकणीत 'म्हूण' आणि कन्नडात 'अंत' हेच काम करतात. फरक एवढाच की यात बोलणं आधी येतं आणि 'की' लावला की मागून येतं, त्यामुळे लांबलचक सांगायचं असेल तर 'की' सोयीचा पडतो. आणि "पाऊस आला की लाईट जाते" याचं काय करायचं, "पाऊस आला असे लाईट जाते"?

'जर' बद्दल फार बोलत नाही. पोस्टच्याच शेवटी लिहिलंय "आवडली तर शेअर करा". जर कुठाय?

आणि तो 'आवडली' भूतकाळ आहे का? रूप भूतकाळाचं, पण काम अटीचं. "उद्या आलास तर डबा आण" यात 'उद्या' मजेत बसतो. "थांब, आलोच" म्हणणारा माणूस अजून घरात चप्पल शोधत असतो. 'येशील तर' चूक नाही, पण त्यात तुझा यायचा विचार आहे का हेही येतं, "येशील तर आधी फोन कर". पावसाला कसला विचार, म्हणून आपण "पाऊस पडला तर मॅच रद्द" म्हणतो, 'पडेल तर' कानाला खटकतं. आणि "आला असतास तर भेटलो असतो" म्हटलं की तू आला नाहीस हे न सांगता कळतं. हा संकेतार्थ, म्हणजे अट सांगणारं रूप, शाळेत शिकवतात.

राहिला 'करावे'. तो विध्यर्थ, म्हणजे इच्छा, अपेक्षा, अंदाज सांगणारं रूप. हुकमाचा आज्ञार्थ वेगळा. "यंदा पाऊस चांगला पडावा" यात हुकूम कोणाला? "ते पोचले असावेत" हा अंदाज, "त्याने मलाच बोलावं?" हा संताप. लग्नपत्रिकेत "अगत्य येण्याचे करावे" वाचून कोणी रुसलेलं ऐकलं नाही. उलट 'थुंकू नका' म्हणताना समोर कोणीतरी असतो, 'थुंकू नये' हे कोणा एकाला नसतं, म्हणून तर पाटीवर ते बरोबर बसतं.