बोटाखालचं फॅट

"लायब्ररी निवडतोय," असं मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिला फार आनंद झाला. मुलगा इंजिनीअर झाल्यापासून पुस्तकाला हात लावत नाही, ही तिची जुनी तक्रार. "घराजवळची बघ. आणि दिवाळी अंक किती ठेवतात ते आधी विचारून घे," म्हणाली. तीन आठवड्यांनी तिने विचारलं, "मिळाली का?" मी म्हटलं, "अजून बघतोय." ती जरा वेळ गप्प राहिली. "एवढं काय बघायचंय त्यात? वर्गणी भरायची आणि पुस्तक आणायचं."

वर्गणीचं तिने बरोबर ओळखलं होतं. बाकी आमच्या धंद्यातली लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला आयता कोड. आलेख काढायचाय? अक्ष आखा, खुणा करा, ठिपके जोडा, रंग भरा, यातलं काहीही आपण करायचं नाही. आपले आकडे लायब्ररीच्या पुढ्यात टाकायचे, की ती आलेख काढून देते. निदान तिच्या जाहिरातीच्या व्हिडिओत तरी देते.

काम होतं सांगली जिल्ह्यातल्या एका दूध संस्थेचं. सभासद २१२. सकाळ-संध्याकाळ दूध घालायचं, लिटर, फॅट आणि एसएनएफची (फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन भागाची) नोंद व्हायची, दहा दिवसांनी बिल. ते सगळं आमच्या ॲपमध्ये व्यवस्थित चालू होतं. व्यवस्थित चाललेल्या गोष्टी ज्यांना बघवत नाहीत अशा माणसांत संस्थेचे सेक्रेटरी मोडतात. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मीही. अण्णा म्हणाले, "फॅट कसं खालीवर होतंय त्याचा आलेख पायजे. बोटानं सरकवत बघाय आलं पायजे. त्या शेअरच्या ॲपात असतंय तसं."

"दोन दिवसांचं काम," मी म्हणालो. आमच्या धंद्यात हे वाक्य रिक्षावाल्याच्या "येतोच पाच मिनिटांत"च्या जवळचं आहे. बोलणाराही त्यावर विश्वास ठेवत नाही.

शोधायला बसलो तर लायब्ररींचा सुकाळ. अँड्रॉइडवर वर्षानुवर्षं चाललेली एमपीअँड्रॉइडचार्ट. तिची आयफोनवरची बहीण, जिचं नाव साधं 'चार्ट्स' होतं. मग २०२२ साली ॲपलने स्वतःची आलेख लायब्ररी आणली आणि कोडमध्ये तिचंही नाव 'चार्ट्स' ठेवलं. घरात धाकटी सून आली, तिचंही नाव सुमनच निघालं, आणि थोरलीला नाव बदलायला लागलं, तसं त्या जुनीचं डीजीचार्ट्स झालं. एकाच कोडमधून दोन्ही फोनची ॲपं बनवणाऱ्या फ्लटरवाल्यांची एफएल चार्ट निराळी. शिवाय मुळात ब्राउझरसाठी लिहिलेल्या, पण ॲपमध्ये खिडकी पाडून आत घेता येणाऱ्या. कुणी प्रत्येक ठिपका वेगळी वस्तू म्हणून सांभाळणार, कुणी एकदा रंगवून विसरून जाणार, कुणी थेट ग्राफिक्सच्या चिपला कामाला लावणार. दोन दिवस मी नुसती तुलना वाचली. म्हणजे ठरलेली मुदत संपली.

लायसन्सचं, म्हणजे कोड वापरायच्या अटींचं, वेगळंच. एमआयटी लायसन्स म्हणजे सत्यनारायणाचा प्रसाद: न्या, वाटा, विका, फक्त देणाऱ्याचं नाव पुसू नका. जीपीएल म्हणजे पंक्तीला बसायचं असेल तर आपल्याही कोडचा डबा उघडून वाढा. आणि तिसरा प्रकार पैसेवाल्यांचा, जिथे किमतीच्या जागी 'आमच्याशी संपर्क साधा' लिहिलेलं असतं. ज्या दुकानात किमतीची चिठ्ठी नाही तिथे मी लक्ष्मी रोडवरसुद्धा शिरत नाही.

तर पहिली लायब्ररी ॲपमध्ये बसवून मी गावी गेलो. माझ्या टेबलावर, माझ्या फोनवर, माझ्या कोरड्या बोटाखाली ती मासोळीसारखी पळत होती. डेअरीत संध्याकाळची रांग लागलेली. पहिल्याच सभासदाने धारेच्या ओल्या हाताने फोन घेतला. स्क्रीनवर दुधाचे दोन थेंब. फोनला बोटाची जी चाहूल लागते ती विजेच्या हिशोबाने लागते, आणि ओलावा दिसला की त्या हिशोबात घोळ होतो. आलेख आपोआप मोठा झाला, डावीकडे गेला, परत आला. "ह्याला काय झालं? अंगात आलं काय?" सभासदाने विचारलं. मागच्याचा हात कोरडा होता, पण तीस वर्षं कासरा धरून त्या बोटाचं असं काही लाकूड झालेलं की फोनला ते बोट वाटेचना.

खरी गोम पुढेच. संगणकावर माउसचा बाण असतो, टोकदार, आणि ज्यावर टेकवला ते दिसत राहतं. बोट ज्याला लावाल तेच झाकतं. ॲपलचं म्हणणं असं की बोट लागायची जागा किमान ४४ पॉइंट (पडद्यावरचं एक माप) असावी; गूगल स्वतःच्या तसल्याच मापात म्हणतं ४८. साध्या अँड्रॉइड फोनची रुंदी याच मापात साधारण ३६०. दहा दिवसांचे सकाळ-संध्याकाळ धरून वीस ठिपके. एका ठिपक्याच्या वाट्याला आले १८. म्हणजे बोटाला लागणार ४८ आणि हजर १८. एसटीच्या दोघांच्या बाकावर पाच जण बसवण्यातला प्रकार. त्यात लायब्ररी आकड्याची चौकट नेमकी बोटाखालीच उघडायची. बोट उचललं की चौकट गायब. गेल्या मंगळवारचं फॅट या विश्वात आहे, पण माणसाला दिसणार नाही, अशी त्याची पारमार्थिक अवस्था होती.

"आमच्याकडे याला 'फॅट फिंगर'चा प्रॉब्लेम म्हणतात," संचालक मंडळापुढे मी बोलून गेलो.

खोलीत शांतता पसरली. फॅट काढणाऱ्या पोराने स्वतःच्या बोटाकडे बघितलं. एक संचालक पुढे वाकून हळूच म्हणाले, "बोट घालून फॅट वाढवत्यात का काय? कोण हाय ते सांगा फक्त." पुढची पंधरा मिनिटं मी फॅट म्हणजे जाड, दुधातलं नव्हे, हे समजावत होतो. तो पोरगा अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

दुसरी लायब्ररी दिसायला फारच देखणी. तिची रेष कुठे मोडायची नाही, वळणं मऊ, जणू नऊवारीचा काठ. भांडण तिनेच लावलं. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्याच्या खाली गेलं की पैसे कापतात, त्यामुळे ३.५ हा आकडा इकडे देवासारखा. आता एखाद्याचं फॅट तीन दिवस ३.५ आणि चौथ्या दिवशी ३.९. ठिपके जोडताना रेष मऊ ठेवायची म्हणून ती वर चढण्याआधी, उडी मारणारं पोर गुडघ्यात वाकतं तशी, जरा खाली वाकते. ३.५ च्या खाली. तिथे कुठलाही ठिपका नाही, कुणी दूध घातलेलं नाही, पण रेष गेली. सभासद फोन घेऊन थेट अण्णांच्या टेबलावर. "म्या ३.५ च्या खाली कवा घातलंय? दावा!" अण्णा म्हणाले, "रजिस्टरला न्हाई." तो म्हणाला, "मग मोबाईलात कुणी घातलं?"

त्याच लायब्ररीत ज्या दिवशी दूध आलं नाही तो दिवस शून्य धरला जायचा. पोराच्या लग्नासाठी सगळं दूध एकाने घरात ठेवलं, तर त्याची रेष आडात उडी टाकल्यासारखी तळाला जाऊन आली. आणि ३.७ चं ३.५ झालं तर उभी पट्टी ताणून ती घसरण छतापासून जमिनीपर्यंत दाखवायची. घरात बायका घाबरल्या. एकाने गाईला डॉक्टर आणला.

तिसरीची गोष्ट थोडक्यात. अण्णांनी हौसेने सगळ्या सभासदांचं वर्षाचं सगळं एकाच आलेखात मागितलं. वर्षाच्या ७३० वेळा गुणिले २१२, म्हणजे दीड लाखावर ठिपके. पडदा गुळगुळीत हलायला सेकंदाला ६० चित्रं लागतात, एकेकाला जेमतेम १६ मिलिसेकंद. तिला एका चित्राला चार सेकंद लागले. फोन इतका तापला की त्यावर साय धरली असती. शिवाय हजार लिटरच्या जागी ती '१ के' लिहायची. "के म्हणजे किलो न्हवं? मग किलो लिटर हे कसलं माप?" अण्णांनी विचारलं. किलोलिटर हे माप खरंच आहे आणि तिथे ते बरोबरही होतं, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

चौथीने वारांची नावं छोटी केली. इंग्रजी वारांची पहिली तीन अक्षरं ठेवतात म्हणून तिने मराठीचीही ठेवली. सोमचं सोम राहिलं, मंगळाचं मंग झालं, शुक्राचा शुक. आणि गुरुवारचा ग, त्याचा उकार, पुढचा र: संगणकाच्या लेखी झाली तीन अक्षरं. दर आठवड्याला आलेखाखाली ठळक अक्षरांत 'गुर'. दूध संस्थेच्या ॲपमध्ये. मी हे कुणाच्या लक्षात यायच्या आत बदलायचं ठरवलं.

विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश माणसाने १७८६ साली रेषांचे आणि खांबांचे आलेख छापले. इकडे तेव्हा सवाई माधवराव गादीवर होते. १८०१ साली त्याने वाटोळा पाय चार्टही काढला. कागदावर. कुणी अंगठा ओला करून त्याचा आलेख मोठा करायला गेलं नाही, हे त्याचं भाग्य.

एक दिवस अण्णांनी मला गुरांच्या बाजारात नेलं. तिथे दोन माणसं उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबत उभी होती. सौदा चाललेला. मी बघतच राहिलो. दोन-दोन हातांची बोटं एका वेळी, आकडा अचूक पोचतोय, शेजारच्याला पत्ता नाही, आणि बोटाने काही झाकलं जात नाही कारण काही दिसतच नाही. अण्णा एका म्हशीजवळ थांबले. शिंगांना तेल, गळ्यात नवा गोंडा. "हिला बघू नका. तेल व्यापाऱ्यानं लावलंय. म्हस घ्यायची तर दोन येळंचं दूध आपल्या हातानं काढून बघायचं, आपल्या गोठ्यात."

मी पुण्याला परत येताना अण्णांचा जुना फोन मागून आणला. दोन जीबीचा, काचेला तडा, कोपऱ्यात शेणाचा डाग. सात लायब्ररी त्यावर चढवल्या आणि प्रत्येकीला सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, बेसिनमध्ये अंगठा बुडवून घासलं. बायको दारात उभी राहून बघायची. काही विचारायची नाही, हे जास्त लागायचं.

शेवटी एकही घेतली नाही. वीस खांब मीच काढले, १४० ओळींत. झूम नाही, मऊ वळणं नाहीत. खांबाला नेमकं बोट लागायची गरज नाही. पडद्यावर कुठेही बोट टेकवून घसरवलं तरी जवळचा खांब उजळतो आणि आकडा वर, बोटापासून लांब, मोठ्या अक्षरांत येतो. दूध आलं नाही त्या दिवशी खांबाची जागा मोकळी. वारांची नावं हाताने लिहिली. गुरुवारी 'गुरु'.

आईला सांगितलं, लायब्ररी घेतली नाही. "वाटलंच मला," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात अण्णांचा फोन. आलेख झकास, लोक खूश, बोट चांगलं लागतंय. "पण एक बदल करा. ते खाली 'गुर' यायचं ते का काढलं?"

"अण्णा, ती चूक होती."

"चूक कसली? गुरुवारी आपला गुरांचा बाजार. लोक तेवढंच बघून बाजाराला निघत होते. म्या सगळ्यास्नी सांगितलं, पुण्याच्या साहेबानं ध्यानात ठेवून टाकलंय." मग आवाज जरा खाली आणून, मला वाईट वाटू नये अशा बेताने ते म्हणाले, "फक्त वर अनुस्वार द्यायचा राहिला हुता बघा. तेवढा टाका."

टाकला.