न दिलेल्या एपी परीक्षेचे पैसे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

न दिलेल्या एपी परीक्षेच्या (अमेरिकेतल्या शाळकरी मुलांसाठीच्या कॉलेज-पातळीच्या परीक्षेच्या) फीवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. कारणं तुम्ही मोकळेपणाने लिहिलीत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. पहिला, ज्याने नाव नोंदवलं आणि परीक्षेला गेला नाही, त्याने पूर्ण पैसे सोडलेच पाहिजेत. महाराष्ट्रात दहावी-बारावीला गैरहजर राहिलं तर राज्य मंडळाकडे कोण परतावा मागतं? दुसरा, ‘९९ पैकी ५९ डॉलर परत मिळतात’ असं मी लिहिलं होतं, पण न्यू जर्सीतल्या तुमच्या मुलीच्या शाळेने एक डॉलरही दिला नाही. तिसरा, असं लिहिल्याने मुलं बेफिकीर होतात.

दुसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तिथे चूक माझी आहे.

एपी परीक्षेचं बिल ती घेणारी संस्था, कॉलेज बोर्ड, पालकांना पाठवत नाही, शाळेला पाठवतं. मे २०२५ च्या परीक्षांसाठी अमेरिकेत बहुतेक विषयांचा दर ९९ डॉलर होता. परीक्षा मागवली आणि मुलाने ती दिलीच नाही, तर बोर्ड शाळेकडून ९९ नाही, ४० डॉलर घेतं. पालकांनी आधीच ९९ भरले असतील तर ५९ शाळेकडे राहतात. इथवरचं बरोबर होतं. पण त्या ५९ चं काय करायचं हे बोर्ड शाळेवर सोडतं. म्हणून ‘परत मिळतात’ हे चूक. ‘मागता येतात, आणि शाळेच्या लेखी नियमात बसत असेल तर मिळतात’ असं हवं होतं. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

आता दहावी-बारावीच्या बोर्डाशी तुलना. राज्य मंडळाची फी गेली की गेली, पुरवणी परीक्षेला पुन्हा भरावी लागते, हे खरं. पण तिथे जो परीक्षा घेतो तोच पैसे ठेवतो. इथे परीक्षा घेणाराच म्हणतो की मला ४० पुरेत, आणि मधली संस्था, म्हणजे शाळा, उरलेले ५९ ठेवते. पर्यवेक्षकांचं मानधन, हॉलचं भाडं, ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या कंपनीचं शुल्क अशी खरी कारणं शाळेकडे असू शकतात. ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पालकांना लेखी कळवली असतील तर माझी काही तक्रार नाही. जूनमध्ये, पैसे मागितल्यावर कारणं सांगायला सुरुवात होते, तेव्हा आहे.

हे ४० डॉलरही पूर्वी नव्हते. २०१८-१९ पर्यंत न वापरलेल्या परीक्षेचे १५ डॉलर पडत आणि नोंदणी वसंतात होई. २०१९-२० पासून वर्षभराच्या विषयांची नोंदणी १५ नोव्हेंबरपर्यंत आली आणि दंड ४० झाला. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलाने मे महिन्यातल्या परीक्षेचा निर्णय दिवाळीच्या सुमारास घ्यायचा. तेव्हा छापील पेपर मागवायचे आणि पाठवायचे, असं कारण देता येत होतं. २०२५ मध्ये २८ विषय पूर्ण किंवा अर्धे संगणकावर परीक्षा घेणाऱ्या ब्लूबुक अ‍ॅपवर गेले, तरी ४० आहेत तिथेच आहेत. मला हे रास्त वाटत नाही, आणि हे मत मी बदलणार नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य जाता जाता आलंय: ‘मुलीने डिसेंबरमध्येच विषय सोडला होता.’ बहुतेक वाद नेमके इथे होतात. विषय सोडताना समुपदेशक वेळापत्रकातून वर्ग काढतो. परीक्षेची मागणी मात्र बोर्डाच्या वेगळ्या प्रणालीत असते आणि ती शाळेचा एपी को-ऑर्डिनेटर हाताळतो. एकीकडे बदल केला म्हणून दुसरीकडे आपोआप होत नाही. १५ नोव्हेंबरच्या आत रद्द केलं तर काहीच पडत नाही, त्यानंतर ४०. दुसऱ्या सत्रातच सुरू होणाऱ्या विषयांना मार्चच्या मध्यापर्यंत मुदत असते. मूल एपी देणाऱ्या एका शाळेतून तशाच दुसऱ्या शाळेत गेलं, तर नोंदणी हस्तांतरित करता येते आणि हा दंड लागत नाही. पण दोन्ही शाळांनी हस्तांतर म्हणूनच नोंद करायला हवी. जुन्या शाळेने ‘रद्द’ आणि नव्या शाळेने ‘नवी मागणी’ असं केलं, तर दंड एकीकडे आणि उशिराच्या मागणीचे आणखी ४० दुसरीकडे.

परीक्षेच्या दिवशी ताप आला तर काय होतं? पालक शाळेच्या हजेरी कार्यालयाला फोन करतात आणि निश्चिंत होतात. तो निरोप को-ऑर्डिनेटरपर्यंत पोचेलच असं नाही. मुख्य परीक्षा मेच्या दोन आठवड्यांत, उशिराच्या परीक्षा त्याच्या पुढच्या आठवड्यात. २०२५ ला ५ ते १६ मे आणि १९ ते २३ मे अशा होत्या. आजारपण, घरातली दुःखद घटना, धार्मिक सण, एकाच वेळी आलेले दोन पेपर, अशा कारणांसाठी उशिराच्या परीक्षेला जादा पैसे नाहीत. पण तो पेपर मागवावा लागतो आणि मागवायला दिवस थोडे असतात. म्हणून त्याच दिवशी को-ऑर्डिनेटरला थेट ईमेल करायचा. आणि मूल आत जाऊन पेपर सुरू करून अर्ध्यातून उठलं, तर ती परीक्षा ‘दिली’ असंच धरतात. तिथे ५९ चा प्रश्नच उरत नाही.

फी शाळा-जिल्हा (भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) किंवा राज्य भरतं तिथे वाद उलटा असतो. फ्लोरिडात सरकारी शाळांतली मुलं एपीची फी भरत नाहीत, मग काही ठिकाणी न आलेल्या मुलाकडून वसुली होते. अशा वेळी जिल्ह्याला प्रत्यक्ष किती बिल आलं, हे विचारावं. ४० आलं असेल तर ९९ कशाचे?

कायद्याचं थोडंसं, कारण तुम्ही ‘नियम म्हणजे नियम’ म्हणालात. कॅलिफोर्नियात सरकारी शाळा शिक्षणाच्या आवश्यक भागासाठी फी घेऊ शकत नाही. एपी परीक्षेची फी चालते ती परीक्षा ऐच्छिक असते म्हणून. ‘परीक्षा दिली नाही तर ग्रेड खाली’ असं शिक्षकाने ठरवलं की ती ऐच्छिक राहत नाही आणि फीचा आधारच जातो. तक्रार मुख्याध्यापकांकडे करता येते, नाव न देताही. पालकांच्या थकबाकीसाठी मुलाची ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) किंवा डिप्लोमा (शाळा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र) अडवायलाही तिथे २०१८ च्या कायद्याने मनाई आहे. व्हर्जिनियात फेअरफॅक्स काउंटीने एपी परीक्षेला ७५ डॉलर फी लावली होती. परीक्षा सक्तीची असेल तर फी घेता येणार नाही, असं राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने २०११ मध्ये मत दिलं आणि काउंटीने फी मागे घेतली. प्रत्येक राज्याचं वेगळं, म्हणून हे न्यू जर्सीला जसंच्या तसं लावू नका.

मुलं बेफिकीर होतात, या तुमच्या काळजीशी मी सहमत आहे. म्हणूनच ४० डॉलर मुलाने उन्हाळ्यातल्या कमाईतून द्यावेत, असं मी आनंदाने म्हणेन. फक्त खरा आकडा त्याला कळू द्या.

तुमच्या बाबतीत आता एवढं करा. को-ऑर्डिनेटरला ईमेल लिहा, मुख्याध्यापकांना प्रत ठेवा, आणि तीनच गोष्टी मागा: मुलीच्या परीक्षेची नोंद कोणत्या तारखेला काय होती, कॉलेज बोर्डाच्या बिलात ती ‘न वापरलेली’ म्हणून ४० ला लागली की पूर्ण दराने, आणि परताव्याचा लेखी नियम, तो पालकांना कधी पाठवला त्या तारखेसह. विषय सोडल्याचा डिसेंबरचा फॉर्म जोडा. आणि बँकेकडून कार्डाचा व्यवहार उलटवू नका. शाळेच्या वहीत ती थकबाकी दिसते, आणि मग ५९ डॉलरचं बोलणं बाजूला पडून तुम्ही ९९ चे देणेकरी ठरता. बिलाची नोंद चुकली असेल, म्हणजे न दिलेली परीक्षा ‘दिली’ म्हणून लागली असेल, तर बोर्डाकडून ती को-ऑर्डिनेटरच दुरुस्त करून घेऊ शकतो. शाळांना बिल १५ जूनपर्यंत भरायचं असतं, तेव्हा ईमेल या आठवड्यातच पाठवा.