अहो, मला विचारा ना!

मी व्हीलचेअर वापरते. मी आणि माझा जोडीदार कुठेही जेवायला गेलो की वेटर मेनूकार्ड त्याच्या हातात देतो आणि विचारतो, "यांना काय हवंय?" अहो, मी समोरच बसलेय, मला विचारा! ओळखीचे तर त्याची पाठ थोपटतात, "मोठं मन आहे हो तुमचं." कसलं मोठं मन? त्याची नोकरी गेली तेव्हा रात्र रात्र जागून त्याला सावरलं कुणी? ते कुणाला दिसतच नाही. प्रेम, लग्न, मूलबाळ हा आमचाही हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात, कलम २३ मध्ये तो स्वच्छ लिहिलाय. आणि हो, माझी व्हीलचेअर न विचारता ढकलू नका. त्याला मी पहिल्याच भेटीत हे सांगितलं, तेव्हापासून तो दरवेळी विचारतो. तुम्हाला काय जड जातं?