भरतीच्या टेबलामागचा माणूस

'स्टारशिप ट्रूपर्स' हा पिक्चर, ज्यात भविष्यातली फौज परग्रहावरच्या महाकाय किड्यांशी लढते, तो म्हणजे नुसती किडे मारायची ॲक्शन असं कोणी लिहिलं की मला राहवत नाही. आमच्या दापोलीतल्या एका ग्रुपवर तर त्याचीच क्लिप देशभक्तीचं गाणं लावून फिरतेय, खाली सॅल्यूटची रांग. अरे पण शेवटी नायकाचा मित्र कार्ल जो लांब कोट घालून येतो तो नाझी अधिकाऱ्यांसारखा आहे, आणि सुरुवातीची भरतीची जाहिरात जर्मन दिग्दर्शिका लेनी रिफेनस्टालच्या १९३५ च्या हिटलरवाल्या प्रचारपटावरून उचललीय, तीही मुद्दाम!

दिग्दर्शक पॉल व्हरहोवन १९३८ चा, डच, लहानपण हेगमध्ये जर्मन ताब्यात काढलेलं. म्हणूनच त्याच्या १९९७ च्या या पिक्चरमध्ये फॅसिझम भेसूर दिसत नाही, देखणी पोरंपोरी दिसतात, आणि मतदानाचा हक्क फक्त फौजेत सेवा केलेल्याला. 'ही थट्टा आहे हं' असं तो कुठेच सांगत नाही. त्यामुळे तिकडच्या काही समीक्षकांनी पिक्चरलाच फॅसिस्ट ठरवलं, जे मला अजिबात पटत नाही, कारण आधी आपल्याला टाळ्या वाजवायला लावायच्या आणि मग कशावर वाजवल्या ते दाखवायचं हीच तर त्याची ताकद आहे.

मला सगळ्यात लागतो तो भरतीच्या टेबलामागचा माणूस. नायक रिको फौजेत नाव नोंदवायला जातो, हा माणूस खुशीत हात मिळवतो तर हात यांत्रिक, वर सांगतो की मोबाइल इन्फंट्रीनेच, म्हणजे पायदळानेच, मला घडवलं, मग खुर्ची मागे घेतो आणि दोन्ही पाय नाहीत. आणि पोरं तरीही सही करतात!

दापोलीला जुनी माणसं अजून कॅम्प म्हणतात, इंग्रजांची छावणी होती ना. पेन्शनर फौजी इथे राहायला यायचे, बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजीसुद्धा निवृत्तीनंतर इथेच होते. आजही आसपासच्या गावांत फौजी घरं आहेत. अशा घरातल्या आजोबांना लढाईचं विचारा, ते दोन वाक्यांत मोहोरावर नि फवारणीवर येतात. युद्धाचे रील टाकणारे बहुतेक दुसरेच असतात.

'सैन्याची टिंगल नको' म्हणणाऱ्यांनी क्लेंडाथू या किड्यांच्या ग्रहावरच्या हल्ल्यानंतरची पिक्चरमधली बातमी परत बघा. एका तासात १ लाख सैनिक मेलेत. स्काय मार्शल, म्हणजे फौजेचा प्रमुख, राजीनामा देतो, लगेच नवीन स्काय मार्शल भाषण करते, टाळ्या पडतात आणि पोरं परत यानात चढतात. यात टिंगल कोणाची आहे, जवानाची?