नंबर जुळला म्हणजे बंदूक अस्सल, असं नाही

‘नळ्या आणि बॉडीवरचा नंबर एकच असेल, तर जुनी दुनळी बंदूक शंभर टक्के मूळची,’ असं सध्या छातीठोकपणे सांगितलं जातंय. हे अर्धंच खरं आहे, आणि त्यापायी चांगली माणसं फसतात.

नळ्या झिजल्या की ‘स्लीव्हिंग’ करतात. मागचा तीन-चार इंचांचा भाग ठेवून पुढच्या नळ्या कापतात आणि नव्या बसवतात. नंबर असतो मागच्या भागावर, म्हणून तो जुळतोच! नळी उजेडात तिरकी धरून हळूहळू फिरवा. मागच्या टोकापासून काही इंचांवर केसाएवढी गोल रेघ दिसली, तर तो सांधा. काही कारागीर तो इतका सफाईने लपवतात की नुसत्या नजरेला सापडत नाही. ब्रिटिश प्रूफ हाउसच्या (बंदुकीच्या नळ्यांची मजबुती तपासून शिक्का मारणारी संस्था) नियमानुसार अशा नळ्यांवर ‘स्लीव्ह्ड’ असा शिक्का असतो. तो आधी शोधा.

उलट, नंबर नसलेला प्रत्येक भाग बदललेलाच, हेही चूक. स्प्रिंग, स्क्रू अशा बारीक भागांवर बहुधा पूर्ण नंबर नसतोच. तिथे काम बघायचं. स्क्रूच्या डोक्यावरची नक्षी शेजारच्या पत्र्यावर अखंड पुढे जाते का? दस्त्याचं लाकूड धातूपेक्षा खाली बसलंय का? बसलं असेल तर दस्ता घासलेला आहे. घासलेला म्हणजे बदललेला नव्हे, या दोन गोष्टींची गल्लत कृपा करून करू नका.