मुक्काम पोस्ट टोंगा

गेल्या महिन्यातील एका मंगळवारी, सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी, साताऱ्यातील एका बँकेच्या तीन नंबरच्या खिडकीसमोर माझे राहते घर कॅरिबियन समुद्रातून उचलून प्रशांत महासागरात नेऊन ठेवण्यात आले, आणि या स्थलांतराला माझी संमती विचारावी असे तेथे उपस्थित असलेल्या कोणालाही वाटले नाही.

मी गेली 24 वर्षे त्रिनिदाद बेटावरील सॅन फर्नांडो या शहरात राहते, तेथील मुलांना गणित शिकवते, तेथल्याच माणसाशी लग्न केले आहे आणि दर दोन वर्षांनी दिवाळीच्या सुमारास माहेरी येते. माहेरच्या गावी एक एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचे, खाते आहे, त्याचे केवायसी संपले होते आणि त्यासाठी एक अर्ज भरायचा होता. 'राहण्याचा देश' या रकान्यात मी शाळामास्तरणीच्या सुवाच्य अक्षरात 'त्रिनिदाद आणि टोबॅगो' असे लिहून दिले.

"मॅडम, एकच देश लिहा," खिडकीतील तरुण म्हणाला.

"हा एकच देश आहे."

"मग मधे 'आणि' कशाला?"

एवढ्या मूलभूत प्रश्नाची मी तयारी केलेली नव्हती. दोन बेटे आहेत, थोरले त्रिनिदाद आणि धाकटे टोबॅगो, पण सरकार एक, चलन एक आणि पासपोर्टही एकच, असे मी सांगू लागले. त्याने संगणकातील यादी वरून खाली फिरवायला घेतली, आणि त्याच क्षणी माझ्या मागून, अगदी कानाशी, एक खणखणीत आवाज आला : "वेस्ट इंडीज लिही की रे पोरा! 'डब्ल्यू'मध्ये बघ!"

मागे वळून पाहिले तेव्हा कानटोपी घातलेले, पंचाहत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ प्लास्टिकची फाईल छातीशी धरून उभे होते. नोव्हेंबर महिना असल्यामुळे रांगेत निम्म्याहून अधिक मंडळी हयातीचा दाखला देण्यासाठी आलेली होती, आणि आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्याची गरज ज्याला सर्वांत कमी होती असा हा माणूस नेमका माझ्या मागे लागला होता.

"काका, वेस्ट इंडीज नावाचा देश नाही," मी शक्य तितक्या मऊपणाने म्हणाले.

ते हसले. मंगळावर पाणी नाही असे एखाद्या लहान मुलाने पाणीपुरवठा खात्याच्या माणसाला सांगावे तेव्हा तो जसा हसेल, तसे हसले. "ताई, देश नाही तर मग आम्ही साठ वर्षं कुणाशी खेळतोय?"

क्रिकेटपुरता तो एक संघ आहे, कॅरिबियनमधील पंधराएक देश आणि प्रदेश मिळून तो बनवतात, जमैका वेगळा, बार्बाडोस वेगळा, गयाना तर बेटही नाही, दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आहे, असा माझा वर्गातील धडा सुरू झाला. हा धडा मी आजवर इतक्यांदा दिला आहे की झोपेतही देऊ शकेन. त्यात मी एक चूक केली. आमचा देश 1962 साली स्वतंत्र झाला, असे मी म्हणाले.

"बासष्ट!" काकांनी फाईल दुसऱ्या हातात घेतली. "ग्रिफिथचा चेंडू. नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला. माणूस मरता मरता वाचला हो तुमच्याकडे!"

"ते बार्बाडोसमध्ये, काका."

"तेच ते."

तेच ते नाही, हे मला सांगायचे होते. बार्बाडोस आमच्यापासून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे आणि त्या अपघाताशी माझ्या केवायसीचा काडीचाही संबंध नाही. पण मी स्वतःला आवरून पुढचे वर्ष उच्चारले, आणि तेही चुकले, कारण आमचे प्रजासत्ताक 1976 सालचे आहे.

"शहात्तर!" आता खिडकीतील तरुणानेही मान वर केली. "चारशे तीन हवे होते चौथ्या डावात. चारशे तीन! ब्रॅडमनच्या संघाखेरीज कुणी केले होते का तेव्हा? सुनीलच्या एकशे दोन, विशीच्या एकशे बारा, चारशे सहाला चार. कुठं? पोर्ट ऑफ स्पेन. तुमचंच गाव."

"माझे गाव सॅन फर्नांडो. पोर्ट ऑफ स्पेनपासून 55 किलोमीटर दक्षिणेला."

"म्हणजे उपनगरच."

सॅन फर्नांडोच्या माणसाला राजधानीच्या उपनगरात राहणारा म्हणणे म्हणजे सातारकराला पुण्याचा म्हणण्यासारखे आहे, आणि हे वाक्य एका सातारकरानेच सातारच्या बँकेत उभे राहून म्हणावे याचा मला जो राग आला तो अजून पुरता उतरलेला नाही. हे शहर आपल्या टेकडीभोवती वसलेले आहे. ही टेकडी दगडासाठी इतकी पोखरली गेली की एका बाजूने ती अर्धवट खाल्लेल्या भाकरीसारखी दिसते, पण आम्हाला ती तशीच प्रिय आहे. तिच्यावरून पारियाचे आखात दिसते. व्हेनेझुएला आमच्या बेटापासून सर्वांत जवळच्या ठिकाणी अवघा 11 किलोमीटर आहे. खाली हॅरिस प्रॉमिनाड या रस्त्यावर महात्मा गांधी आणि कृष्णवर्णीयांचे जमैकन नेते मार्कस गार्वी हे दोघेही पुतळ्यांच्या रूपाने उभे आहेत आणि जवळच वाफेचे एक जुने इंजिन ठेवलेले आहे, कारण आमची रेल्वे 1968 सालीच बंद झाली. आता माणसे मॅक्सीने जातात, म्हणजे रंगीत पट्टा ओढलेल्या खासगी छोट्या बसने. सकाळी मॅक्सीत बसण्यापूर्वी रस्त्याच्या कडेला उभे राहून डबल्स खायचे असतात. हळद घातलेल्या मऊ तळलेल्या दोन बाऱ्यांमध्ये, म्हणजे पुऱ्यांमध्ये, चण्याची रस्सेदार उसळ, वर काकडी, चिंचेची चटणी आणि तिखट. विकणारा फक्त एकच प्रश्न विचारतो, तिखट किती, आणि 'स्लाइट' असे उत्तर देणाऱ्या नवख्या माणसाच्या डोळ्यांतही पाणी आणून दाखवतो. कागदातील ते प्रकरण उभ्याने, कपड्यांवर न सांडता खाता येऊ लागले त्या दिवशी मला आपण त्रिनिदादच्या झालो असे वाटले होते, नागरिकत्वाचा कागद पुष्कळ नंतर आला.

हे सगळे मला सांगायचे होते. मला हे गेली 24 वर्षे कोणाला तरी सांगायचे आहे. पण आपले गाव सांगायला बसलेल्या माणसाची गंमत अशी की ऐकणाऱ्याकडे त्या गावाची एक प्रत आधीच तयार असते, आणि मूळ गाव त्या प्रतीशी जुळले नाही तर दुरुस्ती मूळ गावात करायची असते.

"ओव्हलवर तर तुम्ही नेहमीच जात असाल," काका म्हणाले. "क्वीन्स पार्क ओव्हल. मागं डोंगर. काय सुंदर मैदान!"

येथे मी खोटे बोलले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. मी म्हणाले, "नाही. कधीच गेले नाही."

रांगेत शांतता पसरली. पंढरपुरात घर असून देवळात न गेलेल्या बाईकडे ज्या नजरेने पाहिले जाईल, त्या नजरेने काकांनी माझ्याकडे पाहिले. मग माझ्याकडे पूर्ण पाठ करून त्यांनी उरलेल्या रांगेला 1971 सालचा दौरा सांगायला घेतला. वाडेकर कप्तान. सरदेसाईंच्या मालिकेत 642 धावा. दुराणीने सोबर्सचा शून्यावर उडवलेला त्रिफळा. पहिल्याच मालिकेतील पोराच्या, म्हणजे सुनील गावसकरच्या, चार कसोटींत 774, आणि शेवटच्या कसोटीत दाढ ठणकत असताना 124 आणि 220. आकाशवाणीच्या सकाळच्या बातम्यांसाठी आम्ही पहाटेपासून चहाच्या दुकानात बसायचो, असे ते सांगत होते, आणि त्यांचा आवाज इतका रंगला होता की रोखपालसुद्धा नोटा मोजायचा थांबला. त्या पोरावर तिकडे कॅलिप्सो गाणे रचले गेले, हेही त्यांनी सांगितले. हे खरे आहे आणि ते मला ठाऊक होते, पण मला कोणी विचारलेच नव्हते.

मी हुकमाचे पान टाकायचे ठरवले. "माझे सासरे होते त्या सामन्याला. एक्काहत्तरच्या. ओव्हलवर बसून पाहिला त्यांनी."

काका सावकाश वळले. त्यांनी कानटोपी काढली. क्षणभर मला वाटले की हा माणूस आता माझ्या पाया पडणार.

"कुठल्या स्टँडमध्ये?"

मला ठाऊक नव्हते.

काकांनी कानटोपी पुन्हा घातली.

माझे सासरे त्या दिवशी भारताच्या बाजूने ओरडत होते आणि त्यावरून शेजाऱ्याने त्यांच्याशी महिनाभर अबोला धरला होता, ही गोष्ट सांगण्याजोगी होती, पण स्टँडच्या प्रश्नात मी नापास झाल्यामुळे ती ऐकायला कोणी उरले नव्हते. तिच्याऐवजी रांगेतील एका बाईंनी वेगळाच प्रश्न काढला : "तिकडे आपली माणसं आहेत का हो?"

आहेत, मी म्हणाले, कलकत्त्याहून निघालेले 'फतेल रझाक' हे जहाज 30 मे 1845 रोजी तेथे पोहोचले तेव्हापासून आहेत. 1917 सालापर्यंत सुमारे 1 लाख 44 हजार माणसे उसाच्या मळ्यांवर करार करून गेली आणि आज देशातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोक त्यांचे वंशज आहेत.

"म्हणजे मजूर," बाई म्हणाल्या. "मी आपली म्हणते, आपली."

या ठिकाणी माझा विनोद मला सोडून जातो. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाच्याला त्याचे गाव कोणी वर्णन करून मागत नाही. तेथे 'आपली' माणसे असतात, कारण ती संगणकावर गेली, बोटीच्या तळघरातून नव्हे. वॉटरलू गावच्या सिवदास साधूने साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधले, ते पाडले गेले आणि वर त्याला 14 दिवसांचा तुरुंगवास झाला. मग जमिनीवर जागा नाही तर समुद्र कोणाच्या मालकीचा नाही, असे म्हणून त्याने सायकलवरून दगड वाहून समुद्रात भराव घातला आणि पाण्यात देऊळ उभे केले. त्यात त्याची पंचवीसएक वर्षे गेली. हा माणूस कोणाचाच आपला नव्हे काय? माझ्या सासरी वडिलांच्या आईला 'आजी' म्हणतात. हिंदी विसरली, भोजपुरीही म्हाताऱ्यांपुरती उरली, पण 'आजी' राहिली. लग्नानंतर पहिल्या दिवशी माझ्या नवऱ्याने तिला त्या नावाने हाक मारली तेव्हा मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते ती खालीच बसले होते. सातारच्या बँकेत हे सांगण्यासाठी कोणता रकाना आहे?

अर्थात तिकडेही मला कोणी धड सांगू देत नाही, हे कबूल केले पाहिजे. सॅन फर्नांडोत मी मुंबईची आहे. सातारा म्हणजे मुंबईच, कारण हिंदी चित्रपटात दिसते ती मुंबई आणि उरलेले सगळे पूर्वजांचे गाव. कोणाकडे पणजोबांच्या कराराच्या कागदाची नक्कल असते, त्यावरील गाझीपूर किंवा बस्ती जिल्ह्यातील खेड्याचे नाव वाचून 'हे तुमच्या घराच्या जवळच असेल' असे मला मोठ्या आशेने विचारले जाते. सुरुवातीला मी नकाशा काढून अंतर दाखवत असे. आता मी 'हो, त्याच बाजूला' म्हणते. साताऱ्याच्या उसाची मात्र त्यांना उत्सुकता असते, कारण आमची सरकारी साखर कंपनी 2003 साली बंद झाली आणि मळे पेटवल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणाऱ्या काळ्या राखेला लोक तोवर जितक्या शिव्या देत, तितक्याच प्रेमाने आज तिची आठवण काढतात.

"आम्ही तिकडे घर बांधलं ते 2007 साली," मी त्या बाईंना उगाच सांगायला गेले. वर्षाचा आकडा तोंडातून निघताक्षणी मला चूक कळली होती.

"बांगलादेश," काका पाठमोरेच, अत्यंत दुखावलेल्या आवाजात म्हणाले. "त्याच पोर्ट ऑफ स्पेनला. सतरा मार्च. विश्वचषक." ते वळले, आणि त्या पराभवाची निम्मी जबाबदारी तरी मी घ्यावी अशी त्यांची अपेक्षा त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होती. मी खाली पाहिले. खरे सांगायचे तर मी जवळजवळ क्षमा मागणार होते.

तेवढ्यात खिडकीतील तरुणाने उत्साहाने टेबलावर थाप मारली. "सापडलं, मॅडम! 'टी'मध्येच होतं. झालं तुमचं काम."

घरी येऊन चहा घेत असताना खात्याचा तपशील बदलल्याचा संदेश आला. राहण्याचा देश : टोंगा. यादीत टोंगा त्रिनिदादच्या अगदी डोक्यावर असतो. एक बोट घसरले की माणूस एका महासागरातून दुसऱ्यात.

दुरुस्तीसाठी मला आणखी दोन वेळा जावे लागले. पहिल्या वेळी तो तरुण रजेवर होता. दुसऱ्या वेळी काका पुन्हा रांगेत होते, कारण त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटत नसल्यामुळे त्यांची हयाती अद्याप मंजूर झालेली नव्हती. माझी हकीकत ऐकून ते म्हणाले, "टोंगा? ते रग्बीवाले. क्रिकेटमध्ये नाव नाही," आणि त्यांनी स्वतः खिडकीशी जाऊन त्या तरुणाला माझा खरा देश पुन्हा एकदा सांगितला. वेस्ट इंडीज.

मग खिशातून फोन काढून त्यांनी माझा नंबर मागितला. परत गेल्यावर ओव्हलचा एक फोटो पाठवा, म्हणाले, डोंगर दिसला पाहिजे, आणि जमल्यास सासरे बसले होते त्या स्टँडमधून. मी नंबर सांगितला, अधिक एक, आठशे अडुसष्ट, पुढचे सात आकडे. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो एका बोटाने जपून टिपला आणि नाव बरोबर लिहिले आहे ना, हे पाहण्यासाठी फोन माझ्यापुढे धरला. त्यावर लिहिले होते : वेस्ट इंडीजच्या मॅडम, पोर्ट ऑफ स्पेन.

बरोबर आहे, मी म्हणाले.